बत्तिसावं घर

उमाकांत मेनकुदळे ओट्याच्या पायरीवर चपला काढत होता, तेवढ्यात अप्पांनी खडू उचलला. पाहुण्याला पाण्याआधी वर्तुळ द्यायचं, ही आमच्या घरची रीत. आई आतून म्हणाली, "अहो, त्यांना बसू तरी द्या," पण तोवर ओट्याच्या शहाबादी फरशीवर अर्धा गोल उमटलाही होता.

मी स्वयंपाकघरात पोह्यांत मीठ घालत होते. दुसऱ्यांदा.

मिठाचं सांगते. मला बघायला आलेला हा सहावा मुलगा. पहिला आष्ट्याचा वकील. त्याच्या वेळी माझ्या हातून पोहे खरोखरच खारट झाले होते. त्याने बशी साफ केली आणि "छान झालेत" म्हणून रुमालाने ओठ टिपले. तेव्हापासून मी मुद्दाम मीठ जास्त घालू लागले. पाचही जणांनी छान म्हटलं. इस्लामपूरच्याने तर पुन्हा मागून घेतले. परतीच्या गाडीत त्याची तहानेने काय अवस्था झाली असेल, हा विचार मला पुढे बरेच दिवस सुखावत असे.

मी तेव्हा विट्यातल्या एका पतसंस्थेत हिशेब लिहायचे, आणि माणसांच्या बाबतीतही मला तीच खोड होती. एका बाजूला दिसलेली गोष्ट दुसऱ्या बाजूला ताडून बघायची. पोह्यांवर जो छान म्हणतो तो अप्पांच्या वर्तुळावर काय म्हणतो, ते मी बघायचे. जुळायचं. दर वेळी जुळायचं. माझा नियम तयार झाला होता: आमच्या ओट्यावर बसलेला मुलगा कशालाच नाही म्हणत नाही, आणि जो आज माझ्या बापाला नाही म्हणू शकत नाही तो उद्या त्याच्या आईलाही म्हणणार नाही, मग मरण माझं. म्हणून मी पाचही नाकारले. कारणं वेगवेगळी सांगितली. कुणाचं नाक, कुणाचं गाव.

अप्पा कंटाळले होते. आष्ट्याच्या वकिलाकडून पुन्हा विचारणा आली होती आणि अप्पांनी मला आदल्या दिवशी जेवताना, आवाज न चढवता, सांगून टाकलं होतं की उद्याचं जमलं नाही तर सोमवारी आष्ट्याला होकार जाईल. मी सव्वीस वर्षांची होते. आवाज न चढवता बोललेले अप्पा आपलं बोलणं मागे घेत नाहीत, हाही माझा एक नियम होता.

तर वर्तुळ. अप्पा हायस्कूलला गणित शिकवायचे आणि उद्गामी पद्धतीवर त्यांचा फार जीव होता. आधी उदाहरणं, मग नियम. पाच उदाहरणं झाली की चौकट आखायची आणि चौकटीत नियम लिहायचा. ट्रेनिंगला असताना कुणीतरी त्यांना पाच हा आकडा सांगितला होता, तो त्यांनी आयुष्यभर पाळला.

त्यांचा सगळ्यात लाडका नमुना हा असा. वर्तुळाच्या कडेवर एकच ठिपका असेल तर रेघ मारायला दुसरा ठिपकाच नाही, म्हणून वर्तुळ अखंड राहतं. एक भाग. दोन ठिपके घेतले, रेघेने जोडले, दोन भाग. तीन ठिपके एकमेकांना जोडले की चार. चार ठिपके प्रत्येकाने प्रत्येकाला जोडले की आठ. पाच ठिपक्यांना सोळा. इथवर अप्पा स्वतः काढून, बोटाने मोजून दाखवायचे. मग खडू खाली ठेवून विचारायचे, "आता सहा ठिपके घेतले तर?"

वर्ग एका सुरात ओरडायचा, बत्तीस. पाचही मुलं बत्तीसच म्हणाली होती. आष्ट्याच्या वकिलाने तर अप्पांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगितलं होतं, आणि इस्लामपूरच्याच्या वतीने त्याच्या मामाने. अप्पा प्रत्येक वेळी आत येऊन आईला म्हणायचे, मुलगा हुशार आहे.

सहावा ठिपका त्यांनी कधी काढला नव्हता. सहाव्याला रेघा फार होतात, फळ्यावर गिचमीड होते, आणि तोवर तास संपतो.

मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले तेव्हा पाच ठिपक्यांची चांदणी फरशीवर तयार होती. उमाकांत मांडी घालून बसला होता. उंच, जरा वाकलेला, कराडजवळच्या साखर कारखान्यात रसाचे नमुने तपासायची नोकरी. शेजारी त्याची आई, गिरिजाबाई. त्याचे वडील तो शाळेत असतानाच गेले होते आणि घर तिनेच चालवलं होतं. तिच्याकडे बघूनच कळत होतं की हिला कुणी डझनभर केळी दिली तर ही अकरा निघतात का ते आधी बघेल. खुर्चीवर बसायच्या आधी तिने खुर्ची हलवून पाहिली होती.

उमाकांतने पोह्यांचा घास घेतला. थांबला. गिळला.

"छान झालेत," तो म्हणाला.

"मीठ जास्त पडलंय गं," गिरिजाबाई मला म्हणाली. रागाने नाही, फरशी पुसायची राहिली आहे असं सांगावं तसं. आणि बशी बाजूला ठेवून दिली.

एवढ्या मुलांच्या एवढ्या आयांमध्ये हे कुणी म्हटलं नव्हतं. मी दाराच्या उंबऱ्याशी टेकले. मुलाचा निकाल माझ्यापुरता लागला होता, पण बाई बघण्यासारखी होती.

अप्पांनी खडू खाली ठेवला. "आता सहा ठिपके घेतले तर?"

"बत्तीस," उमाकांत म्हणाला.

माझ्या मनात सोमवार उगवला. आष्टा दिसायला लागलं.

अप्पा खूश होऊन नियम सांगू लागले की दर ठिपक्याला भाग दुप्पट होतात, सातला चौसष्ट, आठला एकशे अठ्ठावीस, आणि हे असं अनंतापर्यंत जातं. अनंतापर्यंत म्हणताना ते नेहमी रस्त्याच्या दिशेने हात करायचे. गिरिजाबाईने त्या दिशेला पाहिलं, तिथे कुणी नव्हतं, मग तिने विचारलं, "सहाचे तुम्ही मोजलेत, सर?"

"मोजायची गरज नसते, बाई. नियम सापडला की मोजणं थांबतं."

"पण काढलेत का कधी?"

अप्पा हसले. मूल काहीतरी गोड बोलल्यावर हसतात तसं. ते म्हणाले की पाच वेळा जे झालं ते सहाव्यांदाही होणार. गिरिजाबाई म्हणाली की होईल की, नाही कोण म्हणतंय. "पण आमची गाडी तीनला आहे. काढून बघायला काय हरकत आहे?"

अप्पांना काही हरकत सापडली नाही. त्यांनी मोठं वर्तुळ काढलं, ओट्याच्या या भिंतीपासून त्या कठड्यापर्यंत, कडेवर अंदाजाने सहा ठिपके दिले आणि पट्टीने सगळे जोडले. फरशीवर खरोखरच गिचमीड झाली. अप्पा मोजायला लागले आणि एकोणीसवर चुकले. पुन्हा मोजायला लागले, सव्विसाला कोणतं घर धरलं नि कोणतं नाही ते कळेना.

तेव्हा गिरिजाबाईने आईकडे भाजलेले शेंगदाणे मागितले. आईला वाटलं, पोहे नको म्हणून मागतेय. तिने वाटीभर आणून दिले. गिरिजाबाईने त्यातले बत्तीस मोजून लेकाच्या ओंजळीत टाकले आणि सांगितलं की बत्तीस घरं आहेत ना, मग घराला एक दाणा. एकाही घरात दोन नकोत, एकही घर रिकामं नको. म्हणजे वाद नको.

उमाकांत उकिडवा बसून दाणे ठेवू लागला. खास आजच्यासाठी शिवलेली पँट गुडघ्यांवर ताणली जात होती. कडेच्या कमानी, मग त्यांच्या आतले त्रिकोण, मग मधली दाटी. अगदी मध्यभागी एक इवलासा त्रिकोण होता, त्यात दाणा कसाबसा उभा राहिला. अप्पा त्या वेळी गिरिजाबाईला सांगत होते की हीच पद्धत ते नववीला कशी शिकवतात. गिरिजाबाई बशीत चहा ओतून फुंकर घालत होती. आई आत.

मी एकटीच त्याच्याकडे बघत होते.

त्याने सगळ्या घरांवरून नजर फिरवली. मग स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. तळहातावर एक दाणा उरला होता. त्याने पुन्हा घरं पाहिली, बोट न लावता, ओठ हलवत. मग मान वर करून अप्पांकडे बघितलं. अप्पा अनंताकडे हात करत होते.

त्याने दाणा तोंडात टाकला.

"झाले, सर," तो म्हणाला. "बत्तीस."

"बघा," अप्पा गिरिजाबाईला म्हणाले. त्यांना एवढं समाधानी मी शाळेच्या शंभर टक्के निकालालाही पाहिलं नव्हतं.

गिरिजाबाईने बशी खाली ठेवली. घरांकडे तिने पाहिलंच नाही. लेकाकडे पाहिलं.

"उम्या, तोंडात काय आहे?"

त्याचं चावणं थांबलं.

"गिळू नकोस. काय आहे तोंडात?"

"शेंगदाणा."

"कुठला?"

तो माझ्याकडे बघत होता. मी पाहिलंय हे त्याला तेव्हा कळलं. मी नजर हलवली नाही. मला हिशेब पुरा व्हायला हवा होता. इथून पुढे काय येणार तेही मला माहीत होतं, वाटीतला जास्तीचा उचलला असं काहीतरी. पाचांतल्या कुणालाही ते जमलं असतं.

"उरलेला," उमाकांत म्हणाला. मग अप्पांकडे वळला. "सर, घरं एकतीसच आहेत. मी दोनदा बघितलं. तुम्ही इतके रंगून सांगत होतात, म्हणून खाल्ला."

आत आईच्या हातून चमचा पडला.

अप्पांनी चष्मा पुसला. ते म्हणाले की वर्तुळ अंदाजाने काढलंय, ठिपके नीट अंतरावर नाहीत, त्यामुळे एखादं घर दडपलं गेलं असणार. गिरिजाबाईने वेळ आहे असं सांगितलं. मग अप्पा आतून फळ्यावरचा लाकडी कंपास घेऊन आले. ओलं फडकं फिरवून फरशी कोरी केली. कंपास न मिटवता त्याच मापाने कडेवर सहा खुणा घेतल्या, अगदी सारख्या. तिरप्या रेघा नेमक्या मध्यावर एकमेकींना मिळाल्या. सुंदर आकृती झाली होती, देवघरासमोर काढावी अशी. या वेळी बत्तीस दाणे अप्पांनी स्वतः मोजून ठेवले.

दोन उरले.

मध्यावरचा तो इवलासा त्रिकोणच नाहीसा झाला होता. नीट काढायला गेल्यावर एक घर आणखी बुडालं. अप्पा ते दोन दाणे मुठीत धरून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. गेली बावीस वर्षं नववीची प्रत्येक तुकडी त्यांच्यासमोर बत्तीस म्हणून ओरडली होती, आणि त्या वेळी ती सगळी त्या ओट्यावर उभी असावी असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

"कळवतो तुम्हाला," ते म्हणाले.

मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात 'कळवतो' म्हणजे काय, हे गिरिजाबाईला सांगायची गरज नव्हती. एरवी हे मुलाकडचे म्हणतात. तिने पिशवी उचलली, पोह्यांत मीठ बेताने घालत जा असं मला सांगितलं आणि पायऱ्या उतरली. उमाकांतने अप्पांना नमस्कार केला. माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होता, पण चपलेचा पट्टा लावण्यात त्याचा धीर संपला.

अप्पा जेवले नाहीत. आईने दोनदा हाक मारली. ते फरशीवर बसून सात ठिपके काढत होते. दाण्यांची वाटी मांडीशी होती. चौसष्ट येतील अशी त्यांना आशा असावी. चौसष्ट आले तर सहाचं प्रकरण मिटवता आलं असतं. सत्तावन्न आले. त्यांनी खडू कठड्यावर ठेवला आणि हात झटकले.

"मुलगा लबाड आहे," ते म्हणाले. "माझ्या ओट्यावर, माझ्यासमोर दाणा खाऊन टाकतो. आज दाणा खाल्ला, उद्या काय खाईल? असला माणूस कायम असाच वागणार. आष्ट्याला उद्याच पत्र टाकतो."

मी दारातच होते. मला आधी हसू आलं आणि मग माझा पोह्यांचा नियम आठवला.

"अप्पा, किती उदाहरणं झाली?"

"कसली?"

"त्याच्या लबाडीची. मी एकच पाहिलं."

"एक पुरे आहे."

"तुमच्या नियमाला तुम्ही निदान पाच घेतली होती," मी म्हटलं. "तरी सहाव्याला काय झालं बघा. आणि इथे एकावरच चौकट?"

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आई दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात भाताचा डाव होता आणि तो खाली ठेवावा की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. अप्पा माझ्याकडे न बघता फरशीकडे बघत बसले. मी म्हटलं की त्याने दाणा खाल्ला हे खरं, पण तुम्ही सगळे समोर असताना त्याने तोंडावर एकतीस सांगितलं, हेही याच ओट्यावर घडलं. ते कोणत्या खात्यात घालायचं?

"आणि वकिलांनी?" मी विचारलं. "त्यांनी काय सांगितलं होतं?"

"बत्तीस," अप्पा म्हणाले. मग फरशीवरचा एक दाणा उचलत, "माझा प्रश्नसुद्धा पुरा होऊ दिला नव्हता."

ते उठले. धोतराला पुसता पुसता खडूचे हात धोतरभर उमटले. घड्याळात अडीच वाजून गेले होते. सायकल काढताना मला म्हणाले, "चल." आई म्हणाली, मुलगी कशाला, लोक काय म्हणतील, मुलामागे स्टँडवर गेली. अप्पांनी सांगितलं की मी वाटेत काही विसरलो तर आठवण करून द्यायला कुणीतरी हवं. मी कॅरिअरवर बसले. विट्याच्या बाजारपेठेतून शेटे सर मुलीला मागे बसवून भर उन्हात सायकल हाणत कुठे चालले होते, हे पुढे आठवडाभर पतसंस्थेतल्या प्रत्येक खातेदाराने मला विचारलं.

कराड गाडी लागली होती. गिरिजाबाई खिडकीतल्या जागेवर बसलीही होती. उमाकांत खाली, उसाचा रस पीत. आम्हाला बघून त्याने ग्लास गाड्यावर ठेवला तो अर्धा बाहेर, अर्धा आत.

अप्पा थेट खिडकीपाशी गेले.

"बाई, एकतीस," ते म्हणाले. "सारख्या अंतरावर काढले तर तीस. बत्तीस कधीच नाहीत."

"ते मघाशीच झालं, सर. पुढचं बोला."

"सात ठिपक्यांचे सत्तावन्न येतात."

"मुलीचं काय ते बोला."

अप्पा माझ्याकडे वळले. तिथे मला पहिल्यांदा कळलं की मला सोबत आणलं होतं ते आठवणीसाठी नव्हे. "तिलाच विचारा," ते म्हणाले आणि दोन पावलं मागे सरून सायकलच्या घंटीशी खेळू लागले.

स्टँडवरच्या चार माणसांनी माना वळवल्या होत्या. कंडक्टर दारात उभा. मी उमाकांतसमोर गेले. जे माझ्या मनात ओट्यापासून कुरतडत होतं तेच विचारलं.

"तुम्ही अप्पांना बरं वाटावं म्हणून दाणा खाल्लात. मला हो म्हणालात तेही मला वाईट वाटू नये म्हणूनच का?"

त्याने जरा विचार केला.

"पण मी तुम्हाला अजून हो म्हटलेलंच नाही," तो म्हणाला.

खिडकीत गिरिजाबाईने पदर तोंडाला लावला. अप्पांची घंटी थांबली. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी एवढा आनंद झाला की मी तो लपवायला गाडीच्या पाटीकडे बघू लागले. तोंडावर, भर स्टँडवर, हात जोडून आलेल्या बापादेखत, या माणसाने मला नाही म्हणून दाखवलं होतं.

"माझं हो आहे," मी म्हटलं.

"मला थोडा वेळ द्याल?" त्याने विचारलं. "पोहे खारट होते हे मला आधी सांगायचंय. ते छान झालेत असं मी म्हणालो होतो."

कंडक्टरने विचारलं, बाई उतरताय की येताय. गिरिजाबाईने खिडकीतून आधी लेकाकडे, मग माझ्याकडे बघितलं, खिडकी नीट बंद होते का ते एकदा ढकलून पाहिलं, पिशवी उचलली आणि खाली उतरली. "जाऊ दे गाडी," ती म्हणाली. "याला हिशेबाला वेळ लागतो."

पुढची कराड गाडी साडेसहाला होती. आम्ही चौघं चालत घरी आलो. सायकल अप्पांच्या हातात, आणि ते गिरिजाबाईला आठ ठिपक्यांबद्दल काहीतरी समजावत होते. ती दर वाक्याला 'काढलंत का' विचारत होती. मी आणि उमाकांत मागे. मी चालताना त्याला घाई करणार नाही असं ठरवलं होतं आणि ते मला फार अवघड जात होतं.

सव्वापाचला, आई दुसऱ्यांदा चहा टाकत असताना, तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हो."

मी विचारलं, "नक्की?"

"नाही," तो म्हणाला. "पण मला करून बघायचंय."